चाक, चिखल आणि भूदाब : ठाणे खाडीकाठच्या भारवहनाच्या इतिहासातील एक प्रकरण

ठाणे–बेलापूर पट्ट्यातील तळवली हे गाव घणसोली व रबाळे यांच्या शेजारी वसलेले आहे. पूर्वेस पारसिकची डोंगररांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि या दोहोंमध्ये एक चिंचोळी सखल पट्टी, अशी या परिसराची रचना आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम आणि काळा पाषाण लवकर लागतो. खाडीकडे जावे तसतसा तो खोल जातो आणि त्यावर भरती-ओहोटीने आणून टाकलेल्या मऊ, काळसर गाळाचा थर वाढत जातो. हीच भूरचना, स्थानपरत्वे कमीअधिक फरकाने, दक्षिणेस पनवेल व उरणपर्यंत आढळते. उरण तालुक्यातील न्हावा व शेवा या गावांच्या परिसरात २६ मे १९८९ रोजी जे बंदर कार्यान्वित झाले आणि ज्याला जवाहरलाल नेहरूंचे नाव देण्यात आले, तेही याच प्रकारच्या भूमीवर उभे आहे. त्या बंदराच्या आवारात कंटेनर उचलून एकावर एक रचणाऱ्या, रबरी चाकांवर फिरणाऱ्या गँट्री यारी वावरू लागल्या. बंदरातील कामगार त्यांना ‘आरटीजी’ या आद्याक्षरांनीच ओळखतात. अशा एका यारीचे स्वतःचे वजन सामान्यतः १२० ते १४० टनांच्या दरम्यान असते.

ज्या गाळात मनुष्याचे पाऊल रुतते त्यावर असे यंत्र कसे चालू शकले, हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नाही. त्याचे एक उत्तर चाकाच्या इतिहासात सापडते, दुसरे मार्गाच्या इतिहासात आणि तिसरे प्रत्यक्ष भूमीच्या इतिहासात. या तिन्हींचा एकत्र विचार न केल्यामुळे चाकाची घसर आणि भूमीवरील दाब हे दोन्ही दोष टायरचेच आहेत, असा समज रूढ होतो. तो कितपत ग्राह्य आहे, याचे परीक्षण पुढे केले आहे.

१. चाकावाचून चाललेला व्यवहार

खाडीकाठच्या गावांचा जुना व्यवहार मुख्यतः भात, मीठ आणि मासळी यांवर चालत असे. आगरी या नावाचा संबंध मिठाच्या आगराशी जोडला जातो, तो सार्थ आहे. भरतीचे पाणी बांधाने अडवून खारजमीन लागवडीस आणण्याची परंपरा या किनाऱ्यावर प्राचीन आहे. ठाणे व कुलाबा या जुन्या जिल्ह्यांत अशा जमिनींना ‘शिलोत्री’ म्हणत, आणि बांधाच्या निगराणीची व्यवस्था त्या पद्धतीचा अविभाज्य भाग होती. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली खारजमिनींविषयी स्वतंत्र कायदा झाला, त्याचेही कारण बांधांची देखभाल हेच होते.

भारवहनाच्या दृष्टीने या व्यवस्थेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली ही की, खाजणातून ओझे नेण्यासाठी चाकाचा उपयोग जवळजवळ नव्हता. ओझे डोक्यावरच्या टोपलीतून होडीपर्यंत किंवा मचव्यापर्यंत जाई आणि पुढचा प्रवास पाण्यावरून होई. अनवाणी उभ्या राहिलेल्या मनुष्याचा भूमीवरील दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पाव किलोग्रॅम असतो. चालताना एका पायावर भार आला की तो अर्ध्या किलोग्रॅमच्या आसपास पोहोचतो. गाळाची सहनशक्तीही पुष्कळ ठिकाणी इतकीच असल्यामुळे पाऊल काही अंतर रुतून थांबते. होडी मात्र आपला भार तळाच्या सर्व क्षेत्रावर पसरवते. दुसरी गोष्ट बांधाची. गाळाचा बांध एका हंगामात पुरत नाही. तो खचतो, पुन्हा मातीने भरावा लागतो आणि पुन्हा थोडा खचतो. गाळाला भार सोसण्यासाठी वेळ द्यावा लागतो, हे शास्त्र लिहिले जाण्यापूर्वीच खारकरी शेतकऱ्याच्या वार्षिक कामात अंतर्भूत झालेले होते.

२. गाडी, धाव आणि मार्ग

घाटमाथ्यावरील परिस्थिती वेगळी होती. तेथेही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुष्कळसा माल बैलांच्या पाठीवरून जात असे. ज्या मोजक्या गाड्या होत्या त्या अवजड, भरीव चाकांच्या असत. सोलापूर–इंदापूर भागात १८३० नंतरच्या दशकात जमीनमोजणीच्या निमित्ताने आलेले गोल्डस्मिड व गेसफर्ड या अधिकाऱ्यांनी हलक्या, आऱ्यांच्या चाकांची गाडी प्रचारात आणण्यासाठी टेंभुर्णी येथे कारखाना चालविला. त्याच सुमारास, १८३० साली, बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता. हलकी गाडी आणि घाटरस्ता यांचा योग जुळल्यावर देशावरील कापूस पनवेलच्या बंदराकडे चाकांवरून उतरू लागला.

या चाकाला लोखंडी धाव असे. धावेमुळे चाक टिके, पण तिच्या अरुंद कडेखाली भार एकवटत असल्यामुळे रस्ता फुटत असे. ही तक्रार एकट्या हिंदुस्थानची नव्हती. इंग्लंडमध्ये १७५३ साली अवजड वाहनांना नऊ इंच रुंदीची चाके बसविण्यास भाग पाडणारा कायदा झाला होता. भूदाबावर कायद्याने मर्यादा घालण्याचा तो एक आरंभीचा प्रयत्न होय. चाक रुंद झाले म्हणजे रस्ता वाचेल, ही त्यामागील कल्पना होती.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी मॅकॲडम याने हा विचार उलट बाजूने मांडला. त्याच्या मते वाहनाचा भार अखेर खालची नैसर्गिक माती वाहते. खडीच्या थराचे मुख्य कार्य त्या मातीला पाण्यापासून वाचविणे हे आहे. माती कोरडी राहिली तर ती भार सोसते, आणि ओली झाली तर कितीही रुंद चाक तिला तारू शकत नाही. चाकाकडे पाहणारा एक पक्ष आणि मातीकडे पाहणारा दुसरा, असे दोन पक्ष येथूनच स्पष्ट होतात. पुढील दीडशे वर्षांचा इतिहास या दोन पक्षांच्या परस्परसंबंधांचाच आहे.

३. रबराचे आगमन

स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉम्सन याने १८४५ साली हवाभरल्या चाकाचे एकस्व मिळविले, परंतु त्या वेळी ते व्यवहारात रुजले नाही. पुढे त्याने वाफेच्या रस्तागाडीस जाड, भरीव रबरी टायर बसविले. १८७० नंतर क्रॉम्प्टन याने पंजाबात रावळपिंडीच्या परिसरात अशा गाड्या चालवून पाहिल्या. रबराने रस्त्याची पकड वाढली आणि लोखंडी चाकाने होणारी रस्त्याची हानी कमी झाली. घसर आणि भूदाब हे दोन्ही दोष एकाच द्रव्याने आटोक्यात येऊ शकतात, याचा तो हिंदुस्थानच्या भूमीवरील प्रत्यय होता. १८८८ साली डनलॉपने हवाभरला टायर पुन्हा शोधला, आणि तेव्हापासून तो सर्वत्र पसरला.

याच काळात घसरीचे स्वरूपही शास्त्रीय रीतीने उकलले. ऑसबोर्न रेनल्ड्स याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे दाखविले की, रबराचे चाक वरकरणी न घसरता फिरत असतानाही स्पर्शक्षेत्राच्या काही भागात सूक्ष्म सरक होतच असते. रबर दाबले व ताणले जाते, त्यामुळे एका फेऱ्यात चाक परिघाइतके अंतर तंतोतंत कापत नाही. म्हणून घसर ही संपूर्णपणे नाहीशी करण्याची गोष्ट नव्हे. ती मर्यादेत ठेवणे एवढेच शक्य असते.

४. कंटेनर आणि चालती गँट्री

२६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज मालाच्या ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघाले. आधुनिक कंटेनर-वाहतुकीचा आरंभ सामान्यतः या सफरीपासून मानतात. १९५९ साली अमेरिकेतील पॅसेको कंपनीने धक्क्यावरील खास कंटेनर-यारी उभारली. १९६० नंतरच्या दशकात तिनेच ‘ट्रान्सटेनर’ या नावाने आवारात फिरणारी गँट्रीही पुढे आणली. भारतात कंटेनरवाहू जहाज प्रथम १९७३ साली कोचीन बंदरात आले. मुंबईच्या जुन्या गोद्यांत कंटेनर रचून ठेवण्यास जागा अपुरी होती. खाडीपलीकडे नवे बंदर उभारण्यामागे हेही एक कारण होते.

रबरी चाकांची गँट्री म्हणजे दोन पायांच्या जोड्यांवर उभी असलेली उंच चौकट होय. सामान्यतः तिच्या दोन पायांमधील अंतर सुमारे साडेतेवीस मीटर असते. त्यात कंटेनरच्या सहा रांगा आणि मालमोटारीची एक वाट सामावते. रुळांवरील गँट्रीला आपली वाट सोडता येत नाही. रबरी चाकांची गँट्री मात्र चाके नव्वद अंशांनी वळवून एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात जाऊ शकते. हे स्वातंत्र्य हाच तिचा मुख्य गुण आहे, आणि भूदाब व घसर ही त्या स्वातंत्र्याची किंमत आहे.

५. दाबाचे दोन प्रश्न

आठ चाकांच्या यारीत, उचललेला कंटेनर एका बाजूस आला असता, एका चाकावर सुमारे २८ टन भार येऊ शकतो. टायरमधील हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलोग्रॅम धरला, तर स्पर्शक्षेत्र अंदाजे २,८०० चौरस सेंटिमीटर होते; म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर बाजूचा चौरस. सोळा चाके बसविली तर प्रत्येकावर १४ टन येतात आणि स्पर्शक्षेत्रही निम्मे होते. मात्र दाब तेवढाच राहतो. हवाभरल्या टायरचा भूमीवरील दाब मुख्यतः आतील हवेच्या दाबाने ठरतो, एकंदर भाराने नव्हे. चाके दुप्पट केल्याने पृष्ठभागावरील दाब निम्मा होतो, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

मग सोळा चाकांचा लाभ कोणता? फ्रेंच गणिती बूसिनेस्क याने १८८५ साली दिलेल्या सूत्रांवरून त्याचे उत्तर मिळते. भूमी एकजिनसी मानून हिशेब केला, तर २८ टनांच्या एका चाकाखाली अर्ध्या मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे ३७ टन दाब येतो. तोच भार पाऊण-एक मीटर अंतरावरील दोन चाकांत विभागला, तर एका चाकाखाली तो सुमारे २३ टनांवर उतरतो. फरसबंदी आणि तिच्या खालची खडी यांना हा मोठाच दिलासा असतो. परंतु पाच मीटर खोलीवर दोन्ही स्थितींत दाब दर चौरस मीटरला सुमारे अर्धा टन राहतो. तेथवर पोहोचेपर्यंत दोन्ही चाकांचे प्रभाव एकमेकांत मिसळून जातात. खोल गाळाला वर एक चाक आहे की दोन, हे कळतच नाही.

शिवाय खोल गाळावरील खरे ओझे यारीचे नसतेच. प्रत्येकी ३०.४८ टनांच्या महत्तम भाराचे वीस फुटी कंटेनर चार थरांत रचले, तर त्यांच्या पायाच्या क्षेत्रावर दर चौरस मीटरला सुमारे ८ टन भार येतो. प्रत्यक्षात सर्व कंटेनर इतके भरलेले नसतात, पण प्रमाण लक्षात येण्यास हा हिशेब पुरेसा आहे. शिवाय हा भार चार कोपऱ्यांतील पोलादी ठोकळ्यांवर टेकतो. एका ठोकळ्याचा तळ १७८ गुणिले १६२ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २८८ चौरस सेंटिमीटर असतो. त्याखालील दाब दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोग्रॅमच्या पुढे, म्हणजे टायरखालील दाबाच्या दहापट होतो. यारी येते आणि जाते. कंटेनरची थप्पी मात्र दिवसचे दिवस एका जागी उभी राहते.

६. घसरीची कारणे

सरळ चालताना यारीला लागणारी ओढ उपलब्ध पकडीच्या मानाने थोडीच असते. तिचा रिकामा वेगही मिनिटास सुमारे १३० मीटर, म्हणजे ताशी आठ किलोमीटरच्या आसपास असतो. तरीही घसर होते, आणि तिची कारणे मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण भाराच्या विभागणीचे आहे. सर्वच चाके मोटारीने फिरविली जात नाहीत. उचललेला भार एका बाजूस गेला की दुसऱ्या बाजूची चालक चाके हलकी होतात. त्यांच्याखाली पावसाळ्यात पाणी, धूळ व तेल यांचा चिकट पापुद्रा असेल तर कोरड्या काँक्रीटवर सुमारे ०.७ असणारा घर्षणांक फार खाली येतो. या किनाऱ्यावर वर्षास अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तोही बहुतेक चार महिन्यांत, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. अधिक चाकांना चालना देणे, विद्युत मोटारीचा वेग हळूहळू वाढविणे, आणि धावपट्टी खरखरीत व उताराची ठेवणे हे त्यावरील उपाय होत.

दुसरे कारण टायरांतील असमानतेचे आहे. हवा कमी असलेल्या चाकाची परिणामी त्रिज्या कमी होते, आणि एका फेऱ्यात ते कमी अंतर कापते. दोन्ही बाजूंच्या चाकांत असा फरक पडला की चौकट तिरपी होऊ लागते, आणि चालकास वारंवार दिशा सुधारावी लागते. प्रत्येक सुधारणेत रबर काही अंतर फरफटते. भूदाब कमी करण्यासाठी हवा कमी करावी, हा सल्ला येथे उलटतो. तसे केल्याने स्पर्शक्षेत्र वाढते हे खरे, पण टायर तापतो, फिरण्यास विरोध वाढतो आणि यारी वाटेवरून ढळते.

तिसरे व सर्वांत हानिकारक कारण जागच्या जागी चाक वळविण्याचे आहे. एकटे चाक आपल्याच मध्याभोवती फिरते तेव्हा त्याचे सर्व स्पर्शक्षेत्र घासले जाते, आणि फरसबंदीचा पृष्ठभाग अक्षरशः पिळून निघतो. म्हणून वळणाच्या ठिकाणी पोलादी पत्रे बसविण्याची प्रथा पडली. जोडचाकांची रचना येथे अधिक हितकर ठरते. मधल्या खुंट्याभोवती वळताना जोडीतील दोन्ही चाके परस्परविरुद्ध दिशांनी गडगडत जातात आणि घासणे बरेच कमी होते. सोळा चाकांचा हा लाभ भारविभागणीच्या लाभाइतकाच महत्त्वाचा आहे. मात्र प्रत्येक चाकावर समान भार येण्यासाठी समतोल साधणाऱ्या दांड्या निर्दोष असाव्या लागतात.

७. भूमीची तयारी

पृष्ठभागाचे प्रश्न याप्रमाणे टायर, चाकांची रचना आणि काँक्रीटची धावपट्टी यांनी सुटले. खोल गाळाचा प्रश्न त्यांनी सुटण्यासारखा नव्हता. तो सुटण्याचा मार्ग कार्ल टेर्झागी याच्या १९२५ सालच्या ग्रंथाने खुला केला. संपृक्त चिकणमातीवर भार टाकला असता तो आरंभी तिच्यातील पाण्यावर येतो. पाणी हळूहळू बाहेर पडते तसतसा भार मातीच्या कणांकडे जातो आणि थर खचतो. यास लागणारा काळ निचऱ्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर दुप्पट तर काळ चौपट. अंतर कमी केले की काळ त्याच प्रमाणात घटतो. या तत्त्वावर १९३० नंतर अमेरिकेत वाळूचे उभे निचरे आणि स्वीडनमध्ये शेलमान याचे पुठ्ठ्याचे निचरे वापरात आले. १९४८ साली बॅरनने त्यांचे गणित पूर्ण केले. पुढे पुठ्ठ्याची जागा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी घेतली.

न्हावा-शेवा परिसरात बंदराचा विस्तार होत गेला तसा या पद्धतीचा उपयोगही वाढला. २०१८ साली सुरू झालेल्या चौथ्या कंटेनर-टर्मिनलच्या भरावासाठी गाळात अशा पट्ट्या मोठ्या प्रमाणावर घालण्यात आल्या. प्रथम भराव टाकावयाचा, त्याच्या भाराने गाळातील पाणी पट्ट्यांवाटे वर काढावयाचे, भूमी खचू द्यावयाची आणि मगच फरसबंदी करावयाची, असा हा क्रम आहे. खारबांधावर दरवर्षी माती चढविणारा शेतकरी आणि भरावाचे खचणे मोजून पुढील थराची परवानगी देणारा अभियंता यांच्यात साधनांचे अंतर फार मोठे आहे. भार टाकणे आणि वाट पाहणे हा क्रम मात्र दोघांचा एकच आहे. ही वाट पुरेशी पाहिली नाही तर भूमी पुढे असमान खचते, धावपट्टीला उंचसखलपणा येतो, चाकांवरील भार विषम होतो, आणि चाकाच्या घसरीचा जो दोष टायरच्या माथी मारला जातो त्याचे मूळ दहा मीटर खाली असते.

८. भूमीचा आणखी एक हिशेब

या भूमीचा इतिहास गाळाच्या गुणधर्मांपाशी संपत नाही. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनाखाली आल्या. तळवली हे त्यांपैकीच एक गाव. ज्या खारजमिनी आणि मिठागरे पिढ्यान्‌पिढ्या बांध राखून टिकविली गेली होती, त्यांचे मोल त्या वेळच्या दराने ठरविले गेले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकांस देण्याचे धोरण या लढ्यातून पुढे आले. बंदर सुरू झाले ते या घटनेनंतर पाच वर्षांनी.

भारवहनाच्या इतिहासात या प्रसंगाचा निर्देश अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे; पण तो तसा नाही. चाक रुंद करून, रबर वापरून, चाकांची संख्या वाढवून भार कमी झाला असे वरवर दिसते. प्रत्यक्षात प्रत्येक वेळी तो एका थरावरून दुसऱ्या थरावर गेला: धावेवरून रस्त्यावर, टायरवरून फरसबंदीवर, फरसबंदीवरून गाळावर. त्या गाळाला खारजमीन बनविणाऱ्यांच्या वाट्यासही त्याचा एक अंश आला. तो कोणत्याही सूत्रात येत नाही, म्हणून हिशेबातून वगळावा असे मात्र ठरत नाही.

उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. रबरी चाकांच्या गँट्रीत पृष्ठभागाचा दाब टायरमधील हवेवर अवलंबून असतो, आणि ती कमी करण्यास घसर व उष्णता यांची मर्यादा आहे. चाकांची संख्या वाढविल्याचा लाभ फरसबंदी आणि तिच्या लगतचे थर यांनाच मिळतो, व वळताना होणारे घर्षण त्याने कमी होते. खोल गाळाचे स्थैर्य निचरा, पूर्वभार आणि काळ यांवरच अवलंबून राहते. तेव्हा एखाद्या आवारात यारी घसरते अशी तक्रार आली असता टायर बदलण्यापूर्वी धावपट्टीची पातळी मोजावी, आणि पातळी बिघडलेली आढळल्यास त्या जागी भराव केव्हा पडला व किती काळ मुरू दिला याची नोंद पाहावी, हा क्रम इतिहासाने सुचविलेला आहे. खाडीकाठच्या जुन्या गावांत बांध खचला की वयस्क माणसे प्रथम विचारीत ते हेच: यंदा माती केव्हा चढविली होती?